लुईजी चिनेत्ती: फेरारी अमेरिकेत नेणारा मिस्त्री

घाटवळण (धागाकर्ता)

फेरारी म्हटलं की लाल रंग, उधळलेला घोडा आणि काळा चष्मा लावलेला एन्झो फेरारी, एवढं चित्र आपल्या डोळ्यांपुढे येतं. त्या चित्राच्या कडेला उभ्या असलेल्या एका माणसाबद्दल गेली काही वर्षं मी हाती लागेल ते वाचतोय. लुईजी चिनेत्ती. हाताने मिस्त्री, ले मान्सची चोवीस तासांची शर्यत तीनदा जिंकलेला चालक, आणि अमेरिकेत फेरारीचं दुकान मांडणारा माणूस. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: फेरारीचा कारखाना तगला यात एन्झोइतकाच चिनेत्तीचा वाटा आहे, आणि तो मोकळेपणाने कुणी मान्य करत नाही.

जन्म १७ जुलै १९०१ चा, मिलानच्या उत्तरेला जेरागो कॉन ओरागो नावाच्या गावातला. वडील बंदुका बनवणारे कारागीर. म्हणजे लोखंड कानशीने किती घासायचं आणि कुठे हात आवरायचा, हे पोरानं घरातच पाहिलं असणार. १९१७ साली, सोळाव्या वर्षी, तो मिलानला आल्फाच्या कारखान्यात लागला. तीनेक वर्षांनी तिथे मोदेनाचा एक तरुण चालक आला, एन्झो फेरारी. दोघांची ओळख तिथली. पुढे सत्तर वर्षं ती टिकली, पण गुण्यागोविंदाने टिकली असं मात्र म्हणता येणार नाही.

इटलीत फासिस्टांचा जोर वाढला तसा चिनेत्ती पॅरिसला निघून गेला. तिथे आल्फा रोमेओच्या गाड्या विकायच्या, त्याच दुरुस्त करायच्या, आणि त्याच शर्यतीत पळवायच्या, असा त्याचा धंदा होता. गाडी विकायला जाहिरातीची गरज नाही, ती चोवीस तास न थांबता पळाली की गिऱ्हाईक आपसूक येतं, हे त्याला तिथेच उमगलं असावं.

१९३२ साली रेमों सोमेरबरोबर त्याने ले मान्स जिंकलं. गाडी आल्फा ८सी २३००. त्या वेळी चिनेत्ती आजारी होता, म्हणून चोवीसातले वीसहून जास्त तास एकट्या सोमेरने गाडी चालवली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. १९३३ साली तर शेवटच्या फेरीपर्यंत झुंज झाली आणि नुव्होलारी-सोमेर जोडीपुढे चिनेत्ती काही सेकंदांनी हरला. चोवीस तास गाडी हाणायची आणि काही सेकंदांनी हरायचं! १९३४ साली फिलिप एतांसलाँच्या जोडीने तो पुन्हा जिंकला.

१९४० साली इंडियानापोलिसच्या शर्यतीसाठी मासेराती गाड्या घेऊन एक फ्रेंच चमू अमेरिकेला गेला. रेने ड्रेफस आणि रेने ल बेग हे चालक, आणि सोबत चिनेत्ती. इकडे पॅरिस जर्मनांच्या हाती पडलं. चिनेत्ती परतला नाही. युद्धाची वर्षं त्याने न्यूयॉर्कमध्ये श्रीमंतांच्या गाड्या दुरुस्त करत काढली.

आता मुख्य प्रसंग. १९४६ चा डिसेंबर, नाताळची आदली संध्याकाळ. चिनेत्ती मोदेनाला एन्झोला भेटायला गेला. युद्ध संपून दीड वर्ष झालेलं. मारानेल्लोच्या एन्झोच्या कारखान्यावर युद्धात बॉम्ब पडले होते, आणि युद्धकाळात तिथे ग्राइंडिंगची यंत्रं बनत होती. चिनेत्तीचं सांगणं असं, की यंत्रांचा नाद सोडून विकायला गाड्या बनव, आपण अमेरिकेत गिऱ्हाईक शोधतो, हे त्याने एन्झोला त्या संध्याकाळी पटवलं. अमेरिकेत लोकांकडे पैसा आहे, चांगल्या गाडीची हौस आहे, आणि तशी गाडी तिथे कुणी बनवत नाही, हे तो सहा वर्षं डोळ्यांनी पाहून आला होता. एन्झोला प्रवासाचा कंटाळा. त्या बाजाराची खबर त्याच्या टेबलापर्यंत आणणारा माणूस हा होता.

आणि मग जून १९४९. युद्धानंतरचं पहिलं ले मान्स. फेरारी १६६ एमएम, दोन लिटरचं व्ही-१२ इंजिन, मिलानच्या तूरिंगने घडवलेली होडीसारखी उघडी बॉडी. गाडीचा मालक ब्रिटिश उमराव लॉर्ड सेल्सडन, तोच जोडीदार. पण सेल्सडनने चाक जेमतेम तासभर धरलं असेल. बाकी सगळे तास चिनेत्ती एकटा. वय सत्तेचाळीस, पुढच्याच महिन्यात अठ्ठेचाळीस. आधी फ्रेंच चालक शाबूची मोठ्या इंजिनाची डेलाहाये आघाडीवर होती, तिला आग लागली. दुसरी फेरारी अपघातात गेली. राहिली एक छोटी लाल गाडी आणि तिच्यात एक न झोपलेला माणूस. २३५ फेऱ्या, ३,१७८ किलोमीटर, ताशी सरासरी १३२. मुंबईहून दिल्लीला जाऊन परत यायचं आणि न उतरता तसंच कोल्हापूर गाठायचं, एवढं अंतर एका दिवसात.

सतरा वर्षांपूर्वी सोमेरने त्याच्यासाठी जे केलं, ते या वेळी त्याने सेल्सडनसाठी केलं. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवून थोडा वेळ नुसता बसून राहिलो.

फेरारीचा तो ले मान्समधला पहिला विजय. दोनच आठवड्यांनी बेल्जियममध्ये स्पाची चोवीस तासांची शर्यतही चिनेत्तीने झाँ ल्युकाबरोबर जिंकली. त्याच वर्षी अमेरिकेत ब्रिग्ज कनिंगहॅमला त्याने फेरारी विकली. अमेरिकेत शर्यतीत उतरलेली पहिली फेरारी ती. १९५१ साली तो मेक्सिकोतल्या कॅरेरा पानामेरिकाना शर्यतीत चालक तारुफीच्या शेजारी बसला. पाच दिवस, दक्षिण टोकापासून थेट अमेरिकेच्या सीमेपर्यंत. पहिली फेरारी, दुसरी पण फेरारीच. टेक्सास आणि कॅलिफोर्नियातल्या पैसेवाल्यांच्या दारातच झालेली ती शर्यत. त्यानंतर फेरारी म्हणजे काय, हे तिकडे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

इथे थांबतो. नार्ट या त्याच्या संघाबद्दल प्रतिसादांत बोलू.

---

बारा_तेराचा_पाना

दादा, एका दमात वाचलं. मी पस्तीस वर्षं गॅरेजमध्ये काढली, पद्मिनीवर हात बसला, म्हणून माझ्या बाजूने थोडं सांगतो.

बावीस-तेवीस तास एकट्याने चालवणं म्हणजे नुसत्या दमाची गोष्ट नाही. गाडी दमत नसेल तर माणूस ओढून नेतो. खरी कसोटी असते ती गाडी कुठे कण्हतेय ते ऐकायची. आम्ही लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकवर टेकवतो आणि मूठ कानामागच्या हाडाला लावतो. बेअरिंगचा आवाज वेगळा, टॅपेटचा वेगळा, पिस्टन पिनचा तर अगदीच वेगळा, कोरडा. वर्षानुवर्षं हे केलं की स्क्रूड्रायव्हर लागत नाही, सीटमधून कळतं. पाठीला कळतं. व्ही-१२ म्हणजे बारा पिस्टन, चोवीस व्हॉल्व्ह, वर तीन वेबर कार्ब्युरेटर. तीन कार्ब्युरेटर एका सुरात आणायचे तर रबरी नळीचं एक टोक कानात आणि दुसरं एकेका तोंडाशी धरून हवेचा फुत्कार सारखा करावा लागतो. एकाचा जरा मोठा लागला की स्क्रू पाव फेरा फिरवायचा, परत ऐकायचं. ते ज्याला येतं त्याला रात्री तीन वाजता, अंधारात, इंजिनाचा सूर पावपट्टी उतरलेला कळतो आणि तो आपोआप पाय हलका करतो.

निव्वळ चालक असता तर त्याने ती गाडी पहाटेपर्यंत फोडली असती. मिस्त्री होता म्हणून ती संध्याकाळी चार वाजता उभी होती. हे माझं मत.

---

तळटीप

लेख आवडला. पण एका मुद्द्यावर मतभेद नोंदवतो.

नाताळच्या संध्याकाळची गोष्ट चिनेत्तीने सांगितलेली आहे. ती खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण तिच्यावरून असं वाटतं, की एन्झो यंत्रं बनवत बसला होता आणि चिनेत्तीने त्याला गाड्यांकडे वळवलं. ते बरोबर नाही. एन्झोचा अभियंता जोआकिनो कोलोम्बोने १९४५ च्या उन्हाळ्यातच दीड लिटरच्या व्ही-१२ चं काम हाती घेतलं होतं. १२ मार्च १९४७ ला १२५ एस, फेरारी नावाची पहिली गाडी, कारखान्याच्या दाराबाहेर पडली, म्हणजे त्या भेटीनंतर अडीच महिन्यांत. एवढ्या अवधीत शून्यातून इंजिन उभं राहत नाही. मे महिन्यात पियाचेन्झाला ती गाडी बंद पडली आणि दोन आठवड्यांनी रोमला फ्रांको कोर्तेसेने ती जिंकून दाखवली.

शिवाय १९३९ साली आल्फा सोडताना चार वर्षं स्वतःच्या नावाने शर्यतीत उतरायचं नाही, अशी अट एन्झोवर होती. तरी १९४० च्या मिल्ले मिल्या या इटलीतल्या शर्यतीसाठी त्याने दुसऱ्या नावाखाली दोन गाड्या बनवल्याच. गाड्या बनवायची ओढ त्या माणसाच्या हाडात होती. ती कुणी बाहेरून घातलेली नव्हती.

---

घाटवळण

तळटीप, दुरुस्ती मान्य, आणि धन्यवाद. मी वाक्य ढिलं लिहिलं. एन्झो शर्यतीच्या गाड्या बनवणारच होता, यात शंका नाही.

पण माझा मुद्दा विक्रीचा आहे. एन्झोला गाड्या शर्यतीसाठी हव्या होत्या. गिऱ्हाइकाला विकणं हा त्याच्या लेखी शर्यतीचा खर्च भागवायचा मार्ग. तो मार्ग कुठून जातो, हे चिनेत्तीला ठाऊक होतं. युद्धानंतरच्या इटलीत अशी गाडी घेणारे किती असणार? पॅरिसमध्ये थोडे, स्वित्झर्लंडमध्ये थोडे. खरा पैसा अटलांटिकच्या पलीकडे. आणि पलीकडच्या माणसाला कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला न समजणारी गाडी विकायची, तर विकणाऱ्याला ती स्वतः उघडून बसवता आली पाहिजे. सुटे भाग त्याच्याकडे, मिस्त्री त्याच्याकडे, आणि शनिवारी शर्यतीला जायचं तर सल्ला देणाराही तोच. असा माणूस त्या काळी अमेरिकेत दुसरा नव्हता.

---

नीरजा_वाचतेय

शर्यतीतलं मला फार कळत नाही. एक बाळबोध प्रश्न: ‘नार्ट’ म्हणजे नेमकं काय? कारखान्याचाच संघ का?

---

घाटवळण

नीरजाताई, बाळबोध काही नाही. ‘नॉर्थ अमेरिकन रेसिंग टीम’ची आद्याक्षरं. १९५८ साली चिनेत्तीने तो संघ उभा केला. पैसा यान द व्रूम आणि जॉर्ज एरंट्स या दोघांचा, नजर चिनेत्तीची. कारखान्याचा नव्हता, पण कारखान्याच्या माजघरापर्यंत त्याचा वावर होता. कारखान्याने वापरलेल्या किंवा ताज्या गाड्या घ्यायच्या, अमेरिकन चालक बसवायचे, आणि डेटोना, सेब्रिंग, ले मान्स अशा लांब पल्ल्याच्या शर्यतींत उतरायचं.

मला सगळ्यात भावते ती त्याची माणसं हेरायची नजर. फिल हिलने सुरुवातीच्या काळातली फेरारी चिनेत्तीकडून घेतली, आणि कारखान्याच्या दारापर्यंत त्याला पोचवण्यात चिनेत्तीचा हात होता. तोच हिल १९६१ साली फॉर्म्युला वनचा पहिला अमेरिकन विश्वविजेता झाला. मेक्सिकोचे रॉड्रिगेज बंधू, पेद्रो आणि रिकार्दो, मिसरूडही न फुटलेली पोरं होती तेव्हा त्याने त्यांना गाड्या दिल्या. १९६० साली ले मान्सला नार्टच्या गाडीत आंद्रे पिलेतबरोबर रिकार्दो दुसरा आला, वय अठरा. पेद्रोने १९६३ आणि १९६४ मध्ये लागोपाठ डेटोना जिंकलं.

रिकार्दो १९६२ च्या नोव्हेंबरात मेक्सिकोला सरावात गेला, विसाव्या वर्षी. तो त्या दिवशी लोटस चालवत होता. पेद्रो १९७१ साली जर्मनीत नोरिसरिंगला, फेरारीत. हे लिहिताना हात अडखळतो.

---

तळटीप

नार्टबद्दल आणखी एक. १९६४ साली फॉर्म्युला वनमध्ये शेवटच्या दोन शर्यतींत फेरारी लाल रंगात दिसत नाही, निळ्या-पांढऱ्या रंगात दिसते. २५० एलएम या गाडीला मान्यता देण्यावरून एन्झोचं इटलीच्या मोटार संघटनेशी बिनसलं होतं. इटलीच्या रंगात उतरणार नाही म्हणून त्याने त्या दोन शर्यतींच्या नोंदी नार्टच्या नावावर केल्या. जॉन सर्टीझ मेक्सिकोत विश्वविजेता झाला तो त्या निळ्या-पांढऱ्या गाडीत. एन्झोने रागाच्या भरात ज्याच्या नावाचा आसरा घेतला तो माणूस चिनेत्ती होता. या बाबतीत मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे.

---

जुनी_फियाट

+१ सगळ्यांना.

विषयाला धरून एक वेगळं नाव काढतो, पिएरो दुसिओ. तोही चालक आणि उद्योजक. तरुणपणी युव्हेंतुसकडून फुटबॉल खेळलेला, पुढे त्याच क्लबचा अध्यक्ष. कापडधंद्यात पैसा कमावला, शर्यतीत गाड्या चालवल्या, आणि युद्ध संपताच तोरिनोत (म्हणजे ट्युरिन, फियाटचं गाव) ‘चिसितालिया’ ही गाड्यांची कंपनी काढली. फियाटचे भाग वापरून बनवलेली छोटी डी-४६, मग ती देखणी २०२. पिनिनफरीनाने घडवलेली तिची बॉडी न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने १९५१ साली प्रदर्शनात मांडली. १९४७ च्या मिल्ले मिल्याला नुव्होलारी चिसितालियात दुसरा आला, आजारी असताना, उघड्या गाडीत, पावसात.

मग दुसिओने पोर्शेच्या मंडळींना ग्रां प्रीची गाडी बनवायला सांगितली. मागे बारा सिलिंडरचं इंजिन, चारही चाकांना ताकद. काळाच्या फार पुढची गाडी, आणि तिनेच कंपनी बुडवली. पैसा संपला, दुसिओ अर्जेंटिनाला गेला.

दोघांची तुलना करून पाहिली तर मला वाटतं, दुसिओ गाडीच्या प्रेमात होता आणि चिनेत्ती गिऱ्हाइकाच्या शेजारी उभा होता. दुसिओबद्दल मला आदरच आहे, गैरसमज नको. पण कारखाना चालवायला ती दुसरी जागा लागते.

(अवांतर: आमची पद्मिनी कुर्ल्यात बनलेली, म्हणजे मुळातली फियाट ११००. वडिलांनी ती एकोणतीस वर्षं वापरली. धाग्यात तोरिनोचं नाव वाचलं की तिच्या दाराचा आवाज आठवतो. पुढे १९६९ साली फियाटनेच फेरारीत निम्मा वाटा घेतला.)

---

बारा_तेराचा_पाना

जुनी फियाट, त्या दाराचा आवाज मीही ओळखेन. पत्रा जाड होता तेव्हा.

---

शुभदा_कनेटिकट

मी पंधरा वर्षं कनेटिकटमध्ये राहते, म्हणून राहवलं नाही. चिनेत्तीचं दुकान आधी न्यूयॉर्कमध्ये होतं आणि मग ग्रेनिचला आलं. ग्रेनिच न्यूयॉर्कहून रेल्वेने तासाभरापेक्षा कमी अंतरावर. सकाळी शहरात जाऊन संध्याकाळी परतणारे पैसेवाले तिथे राहतात, तेव्हाही राहत. दुकानासाठी जागा निवडताना हा हिशेब असणारच. पण इथला हिवाळा पाहिला की मला त्या गाड्यांची काळजी वाटते. रस्त्यावर मीठ टाकतात, आणि त्या मिठाने दोन हिवाळ्यांत गाडीचा तळ खाऊन टाकलेला मी स्वतः पाहिलाय. इटलीत बनलेली नाजूक पत्र्याची गाडी अशा गावात विकायची म्हणजे वसंतात ती परत आपल्याकडेच दुरुस्तीला येणार, हे गृहीत धरूनच विकायची.

१९९४ साली ऑगस्टमध्ये तो ग्रेनिचलाच गेला. त्र्याण्णव वर्षांचा होऊन.

---

नीरजा_वाचतेय

शुभदाताई, मिठाचं वाचून डोळ्यापुढे आलं अगदी.

मी कालपासून वाचतेय आणि मला एक गोष्ट सापडली, ती इथे कुणी लिहिली नाही. १९६७ साली सेब्रिंगच्या बारा तासांच्या शर्यतीत नार्टने एक उघडी फेरारी उतरवली, आणि तिच्यात दोन्ही चालक बायका होत्या, डेनिस मॅक्लगेज आणि पिंकी रोलो. मॅक्लगेज तर पत्रकार. शर्यत चालवायची आणि शर्यतीवर लिहायचं, दोन्ही. त्या एकूणात सतराव्या आल्या आणि त्यांच्या गटात दुसऱ्या. ती गाडी म्हणे विकायची होती, आणि विकायच्या आधी ती शर्यतीत पाठवली. हे खरं का?

---

घाटवळण

नीरजाताई, खरं आहे, आणि तुम्ही माझ्या आवडत्या गाडीवर बोट ठेवलंत.

२७५ जीटीबी/४ ही बंद छपराची गाडी. अमेरिकन गिऱ्हाइकाला, त्यातही कॅलिफोर्नियातल्या, उघडी गाडी हवी होती. कारखाना ती बनवत नव्हता. चिनेत्तीने स्कालिएत्तीच्या कारखान्याकडून छप्पर काढून त्या गाड्या उघड्या करून घेतल्या. बेत पंचवीसचा होता, झाल्या दहाच. त्या दिवसांत त्या भराभर खपल्या नाहीत. तुम्ही म्हणता ती पहिली. गिऱ्हाइकासमोर ठेवायची वस्तू आधी बारा तास सेब्रिंगच्या खडबडीत काँक्रीटवरून पळवून आणली. पॅरिसमध्ये त्याने जे केलं तेच, पस्तीस वर्षांनी.

२०१३ साली त्या दहातली एक अमेरिकेत लिलावात २ कोटी ७५ लाख डॉलरना गेली. मिळालेले पैसे धर्मादाय कामाला दिले गेले.

आणि बायकांना गाडी देण्याबद्दल. साठच्या दशकात ले मान्सला बायकांना उतरायलाच मनाई होती. अमेरिकेत नव्हती. चिनेत्तीने मॅक्लगेजला चाक दिलं ते ती चालवू शकते म्हणून, आणि गाडी धड परत आली.

---

हडपसरकर

उशिरा आलो. १९६५ च्या ले मान्सबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? फोर्ड विरुद्ध फेरारी म्हणून सगळे फोर्डने जिंकलेलं १९६६ आठवतात. १९६५ साली फोर्डच्या सगळ्या गाड्या बंद पडल्या, कारखान्याच्या फेरारी पण मोडल्या, आणि जिंकली नार्टची २५० एलएम! मास्टेन ग्रेगरी आणि योखेन रिंट. ग्रेगरी जाड भिंगांचा चष्मा लावणारा अमेरिकन, रिंट तेवीस वर्षांचा. सुरुवातीलाच इंजिनाने त्रास दिला, बराच वेळ खाली गेला, तेव्हा दोघांनी ठरवलं की आता जपायचं नाही. गाडी मोडेल तेव्हा मोडेल. ती मोडली नाही. पुढे चाललेल्या दुसऱ्या एका २५० एलएमचा टायर फुटला, आणि हे पुढे निघून गेले.

त्यानंतर फेरारीला ले मान्समध्ये एकूण विजय मिळायला २०२३ उजाडावं लागलं. अठ्ठावन्न वर्षं! म्हणजे ले मान्समधला फेरारीचा पहिला विजय चिनेत्तीने स्वतः चालवून मिळवला, आणि त्या जुन्या काळातला शेवटचा विजय त्याच्या संघाने. १९४९ ते १९६५, दोन्ही टोकं एकाच माणसाच्या हातात.

हीच गाडी २०२५ च्या फेब्रुवारीत पॅरिसला लिलावात जवळपास साडेतीन कोटी युरोंना गेली.

---

तळटीप

हडपसरकर, त्या शर्यतीला एक वादाची किनार आहे. एड ह्यूगस हा नार्टचा राखीव चालक. त्याचं म्हणणं असं, की रात्री ग्रेगरी गाडी घेऊन आत आला, रिंट त्या वेळी सापडला नाही, म्हणून मधला एक टप्पा आपण चालवला. अधिकृत नोंदीत त्याचं नाव नाही. मी सगळी बाजू वाचून पाहिली. माझ्या मते पुरावा पुरेसा नाही, पण त्या माणसाने उगीच असं सांगावं असंही दिसत नाही.

---

बारा_तेराचा_पाना

१९३२ ला सोमेर एकटा, १९४९ ला चिनेत्ती एकटा, आणि १९६५ ला कदाचित तिसराच कोणी. या माणसाच्या आयुष्यात चाक कुणी धरलं, हा प्रश्न पुनःपुन्हा येतो.

दादा, शेवटचं विचारतो. एवढा चालवणारा माणूस, त्याने चालवणं थांबवलं कधी? मी स्वतः पासष्टीनंतर गिऱ्हाइकाची गाडी ट्रायलला नेणं बंद केलं. डोळ्यांपेक्षा हातांनी आधी सांगितलं मला.

---

घाटवळण

काका, ले मान्सला तो चालक म्हणून शेवटचा उतरला १९५३ साली. बावन्न वर्षांचा होत होता. गाडी फेरारी ३४० एमएम, चार लिटरहून थोडं मोठं इंजिन, चारच वर्षांपूर्वीच्या त्या छोट्या गाडीच्या दुपटीहून मोठं. जोडीदार टॉम कोल, त्याच्याहून वीसेक वर्षांनी लहान. रविवारी सकाळी कोल चालवत होता. मेझों ब्लांशच्या वळणावर, जिथून पुढे खड्ड्यांची सरळ रेष लागते, तिथे गाडी हातातून गेली आणि कोल जागीच गेला. खड्डे म्हणजे जिथे मिस्त्री उभे असतात ती जागा. चिनेत्ती तिथेच, पुढच्या पाळीची वाट बघत असणार.

त्यानंतरही ले मान्सला तो जात राहिला, पण उभा राहिला भिंतीच्या अलीकडे, हातात घड्याळ घेऊन.